कर्करोगाच्या पेशींपासून हिंगोलीच्या लायगोपर्यंत: नव्या संशोधनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वैद्यक, पदार्थविज्ञान आणि भौतिकशास्त्रातल्या मोठ्या बातम्या आता थेट मोबाइलवर येतात आणि तिथून घराघरांत फिरतात. त्यांच्याबद्दल लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक वेळी मी दोन गोष्टी पाहिल्या: काम आज कुठल्या टप्प्यावर आहे, आणि त्याचा फायदा आजच्या घडीला कुणाच्या पदरात पडतो. मथळ्यांमधून बहुतेक वेळा नेमकं हेच गळलेलं असतं.

कर्करोगावर मुंबईत उपचार शोधला असं ऐकलं. खरं आहे का?

खरं आहे, पण सगळ्या कर्करोगांवर नाही. उपचाराचं नाव नेक्सकार१९. आयआयटी मुंबई, टाटा मेमोरियल आणि आयआयटीतूनच उभी राहिलेली इम्युनोॲक्ट ही कंपनी यांनी मिळून तो विकसित केला. आयआयटीत राहुल पुरवार यांचा गट आणि टाटाच्या खारघर केंद्रातले डॉक्टर यांची ही अनेक वर्षांची मेहनत आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं.

तो आहे रक्ताच्या ठरावीक कर्करोगांसाठी: बी-पेशींचा (या रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) लिम्फोमा आणि बी-पेशींचा तीव्र ल्युकेमिया. त्यातही, नेहमीचे उपचार करूनही आजार हटला नाही किंवा उलटला, अशा रुग्णांसाठी.

यात औषध देतात की ऑपरेशन करतात?

दोन्ही नाही. रुग्णाच्याच पेशी बाहेर काढतात, त्यांच्यात बदल करतात आणि परत देतात.

रुग्णाला एका यंत्राला जोडतात. एका नळीतून रक्त यंत्रात जातं, पांढऱ्या पेशी वेगळ्या होतात आणि उरलेलं रक्त दुसऱ्या नळीतून शरीरात परत येतं. यात काही तास जातात. त्या पेशींतल्या, रोगट पेशी मारणाऱ्या टी-पेशी प्रयोगशाळेत जातात. तिथे निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांच्यात एक नवं जनुक घालतात. त्या जनुकामुळे टी-पेशीच्या पृष्ठभागावर एक ग्राहक (रिसेप्टर) उगवतो. बी-पेशींवर असणारं सीडी१९ नावाचं प्रथिन त्याला ओळखता येतं. मग या पेशींची संख्या वाढवतात, तपासण्या करतात, त्या गोठवून रुग्णालयात आणतात. इकडे रुग्णाला काही दिवस केमोथेरपी देऊन शरीरात नव्या पेशींसाठी जागा केली जाते. शेवटी सलाइनसारखी एक छोटी पिशवी लावतात आणि ती थोड्याच वेळात संपते.

खरी कसोटी त्यानंतर लागते. शरीरात सोडलेल्या पेशी कामाला लागल्या की ताप येतो, रक्तदाब घसरू शकतो, काहींना शुद्धीचा त्रास होतो. म्हणून हा उपचार अतिदक्षता विभाग हाताशी असलेल्या रुग्णालयातच होतो. शिवाय सीडी१९ निरोगी बी-पेशींवरही असतं, त्यामुळे त्याही मारल्या जातात आणि पुढे बराच काळ जंतुसंसर्गाला जपावं लागतं.

नेक्सकार१९ च्या चाचण्यांचे निष्कर्ष मार्च २०२५ मध्ये 'लॅन्सेट हिमॅटॉलॉजी'त आले. एकूण रुग्ण ६४. ज्यांच्यात परिणाम मोजता आला त्यांपैकी ७३ टक्के रुग्णांनी उपचाराला प्रतिसाद दिला. प्रतिसाद म्हणजे कर्करोग नाहीसा झाला किंवा लक्षणीय कमी झाला. प्रतिसाद मिळालेला प्रत्येक जण कायमचा बरा झाला, असा अर्थ कृपा करून काढू नका.

आमच्या घरी तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण आहे. त्यांना हा उपचार मिळेल का?

नाही. हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या आवाजातली आशा मला माहीत आहे, म्हणूनच उत्तर स्पष्ट देतो. तोंड, स्तन, फुफ्फुस, आतडं यांच्या गाठींवर कार-टी (अशा बदललेल्या टी-पेशींचा उपचार) अजून असा उपयोगी ठरलेला नाही. रक्ताच्या कर्करोगात सीडी१९ सारखं नेमकं लक्ष्य सापडतं. निरोगी बी-पेशी मेल्या तरी औषधांच्या आधाराने माणूस जगू शकतो. गाठींच्या पेशींवर असणारी प्रथिनं मात्र निरोगी अवयवांवरही असतात आणि तिथे हल्ला झाला तर जिवावर बेततं. शिवाय गाठीच्या आतलं वातावरण टी-पेशींना निष्प्रभ करतं. जगभर यावर काम चालू आहे, पण आजच्या रुग्णाने त्याची वाट पाहत शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार लांबवू नयेत.

खर्च किती येतो?

नेक्सकार१९ चा खर्च चाळीस लाखांच्या घरात सांगितला जातो. अमेरिकेत अशा पहिल्या उपचाराला ऑगस्ट २०१७ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा त्याची किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर होती, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे चार कोटी रुपये, आणि त्यात रुग्णालयाचा खर्च धरलेला नव्हता. दहापट फरक ही थोडी गोष्ट नाही. पेशींवरची प्रक्रिया इथेच होते, जनुक वाहून नेणारा विषाणूही इथेच बनतो, म्हणून तो पडला.

तरीही चाळीस लाख रुपये सामान्य घरात कुठून येणार? संशोधन यशस्वी झालं असं मी तेव्हा म्हणेन, जेव्हा ते सरकारी योजनेच्या यादीत बसेल. तोवर, डॉक्टरांनी हा उपचार सुचवला असेल तर रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना आधी भेटा. धर्मादाय निधी, विमा, सवलत यांची माहिती त्यांच्याकडे असते. अनेक नातेवाईक तिथपर्यंत पोहोचतच नाहीत.

सिकलसेल बरा करणारी जनुक उपचारपद्धती आली म्हणतात. गडचिरोली-नंदुरबारच्या लोकांना तिचा उपयोग आहे का?

आज तरी नाही. पण या प्रश्नाचं उत्तर सविस्तर द्यायला हवं, कारण विदर्भातल्या आणि सातपुड्यातल्या हजारो कुटुंबांचा हा रोजचा विषय आहे.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या जनुकातलं एकच अक्षर बदललेलं असतं. त्यामुळे ऑक्सिजन कमी पडला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं फोडून काढणाऱ्या वेदना सुरू होतात. आईच्या पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. ते चांगलं काम करतं, पण जन्मानंतर शरीर त्याचं उत्पादन बंद करतं. शास्त्रज्ञांनी नेमका हा धागा पकडला. क्रिस्पर या जनुक-कात्रीने, उत्पादन बंद करणाऱ्या यंत्रणेतला एक भाग निकामी केला आणि रुग्णाच्या शरीरात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागलं. हाच कॅसजेव्ही हा उपचार. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने त्याला मान्यता दिली आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेने. क्रिस्परवर आधारलेला जगातला हा पहिला मान्यताप्राप्त उपचार.

किंमत २२ लाख डॉलर. म्हणजे अठरा कोटी रुपयांहून जास्त. शिवाय अस्थिमज्जेतल्या जुन्या पेशी मारण्यासाठी जबर केमोथेरपी घ्यावी लागते आणि कित्येक आठवडे रुग्णालयात काढावे लागतात.

आपल्याकडे दिल्लीच्या आयजीआयबी या सीएसआयआरच्या जनुकशास्त्र संस्थेने स्वतःची क्रिस्पर प्रणाली वापरून उपचार विकसित केला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो 'बिरसा १०१' या नावाने जाहीर झाला आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटकडे सोपवलं गेलं. भगवान बिरसा मुंडांचं नाव त्याला शोभतं, कारण हा आजार सर्वांत जास्त आदिवासी समाजाने सोसला आहे. मात्र जाहीर होणं आणि जिल्हा रुग्णालयात मिळणं यांच्यामध्ये चाचण्या, मान्यता आणि किंमत हे टप्पे आहेत.

आज गावात उपयोगी पडेल ते हे: रक्ताची प्राथमिक चाचणी, ती सकारात्मक आली तर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या हिमोग्लोबिनच्या तपासणीने खात्री, बाळाची लवकर तपासणी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सीयुरिया हे औषध आणि लग्नाआधी दोघांची चाचणी. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत तपासणीवरच भर आहे. दोघंही वाहक (बदललेलं जनुक असलेले, पण स्वतः आजारी नसलेले) असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल सिकलसेलग्रस्त असण्याची शक्यता २५ टक्के असते. 'एक आजारी झालं, आता पुढची तिघं सुटली' हा हिशेब चुकीचा आहे.

एका बाळासाठी खास औषध बनवलं, ती बातमी काय होती?

अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या एका बाळाला जन्मतः सीपीएस१ हे विकर नीट बनवता येत नव्हतं. त्यामुळे शरीरात अमोनिया साचतो आणि मेंदूला इजा होते. किरण मुसुनुरू आणि रिबेका अहरेन्स-निक्लस या डॉक्टरांच्या गटाने त्या बाळाच्याच जनुकातली चूक दुरुस्त करणारं औषध सुमारे सहा महिन्यांत तयार केलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये पहिला डोस दिला. प्रकृती सुधारली, आहारातली प्रथिनं वाढवता आली. हे एकाच बाळावरचं काम आहे, त्यावरून सरसकट काही म्हणता येणार नाही. पण दुर्मीळ आजारांच्या पालकांना आजवर 'यावर कुणी औषध बनवणार नाही' एवढंच ऐकायला मिळत होतं. त्या उत्तराला इथे पहिल्यांदा तडा गेला.

असा जनुकबदल पुढच्या पिढीत उतरतो का?

वरच्या दोन्ही उपचारांत बदल फक्त रक्ताच्या किंवा यकृताच्या पेशींत होतो. तो मुलांमध्ये उतरवणं हा त्यांचा हेतू नाही. भ्रूणाच्या जनुकांत फेरफार करणारे चीनचे ह जियानक्वी यांना २०१९ मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली.

एचआयव्हीची लस आली का?

लस नाही. लेनाकापाविर नावाचं, सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं प्रतिबंधक इंजेक्शन आलं आहे. दक्षिण आफ्रिका आणि युगांडात तरुण मुली-महिलांवर चाचणी झाली. इंजेक्शन घेतलेल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. २०२४ मध्ये हा आकडा आला तेव्हा या क्षेत्रातले लोक अक्षरशः थक्क झाले. जून २०२५ मध्ये अमेरिकेने मान्यता दिली. तिथे वर्षाला २८ हजार डॉलरहून जास्त पडणारं हे औषध हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या कंपन्या २०२७ पासून गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये देणार आहेत.

'उंदरांवर यशस्वी' अशी बातमी आली तर किती भरवसा ठेवावा?

फारसा नाही. उंदरांपासून पुढे सरकून माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचलेल्या औषधांतलीही दहापैकी साधारण नऊ मान्यतेपर्यंत जात नाहीत. भारतात माणसांवरच्या औषध-चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सार्वजनिक नोंदवहीत करावीच लागते आणि ती इंटरनेटवर कुणालाही पाहता येते. कुणी 'नवीन उपचार, चाचणी चालू आहे' म्हणून पैसे मागितले, तर तिथे नाव शोधा. नोंद नसेल तर उठून या.

२०२३ मध्ये सापडलेल्या त्या सुपरकंडक्टरचं पुढे काय झालं?

ते सुपरकंडक्टर नव्हतं. जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातल्या एका गटाने दावा केला की एलके-९९ हा शिसं, तांबं, फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांचा पदार्थ साध्या दाबाला आणि खोलीच्या तापमानाला विरोधाशिवाय वीज वाहतो. चुंबकावर अर्धवट तरंगणाऱ्या काळपट खड्याचा व्हिडिओ जगभर फिरला. खरं असतं तर एमआरआयमधलं द्रवरूप हेलियम गेलं असतं आणि तारांमधून होणारी विजेची गळती थांबली असती.

मग जगभरच्या प्रयोगशाळांनी तो पदार्थ बनवून पाहिला. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतही बनवला, पण सुपरकंडक्टिव्हिटी दिसली नाही. खडा का तरंगला? अशुद्ध नमुन्यात थोडी चुंबकीयता होती. विरोध अचानक का घसरला? नमुन्यात भेसळ म्हणून राहिलेल्या कॉपर सल्फाइडची रचनाच सुमारे १०४ अंश सेल्सियसला बदलते. जर्मनीत स्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेने शुद्ध स्फटिक वाढवले. ते जांभळट, पारदर्शक निघाले आणि वीज जवळपास वाहूच देईनात.

ही सगळी तपासणी काही आठवड्यांत, उघडपणे, कुणाला न जुमानता झाली. मला त्या दाव्यापेक्षा ही तपासणी जास्त मोलाची वाटते. साध्या दाबाला सुपरकंडक्टर तीन दशकांहून जास्त काळ उणे १४० अंशांच्या आसपासच थांबले होते, आणि तो विक्रम १९९३ चा होता.

नवीन पेरोव्स्काइट सोलर पॅनेल येणार आहेत. छतावर आत्ता बसवू की थांबू?

आत्ता बसवा. सिलिकॉनच्या घटाला सूर्यप्रकाशातला जेमतेम २९ टक्क्यांपर्यंतचा भाग विजेत बदलता येतो, ही त्याची सैद्धांतिक मर्यादा आहे. त्यावर पेरोव्स्काइट या विशिष्ट रचनेच्या स्फटिकांचा पातळ थर दिला की दोन चाळण्या एकावर एक ठेवल्यासारखं होतं: निळा-हिरवा प्रकाश वरचा थर अडवतो, लाल आणि अवरक्त खालचा. या जोडघटांनी प्रयोगशाळेत ३४ टक्के ओलांडले आहेत. पेरोव्स्काइट घटांची सुरुवात २००९ मध्ये जपानमध्ये ३.८ टक्क्यांवरून झाली होती, हे पाहिलं की वेग कळतो. आयआयटी मुंबईत दिनेश काबरा यांचा गटही यावर काम करतो.

अडचण टिकाऊपणाची आहे. दमट हवा आणि उष्णता या पदार्थाला सोसत नाही. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात तो पंचवीस वर्षं टिकेल हे अजून कुणी दाखवलेलं नाही. बहुतेक प्रकारांत शिसंही असतं. साध्या पॅनेलचे पैसे तोवर वसूल होऊन जातील.

सोडियम बॅटरीने लिथियमची गरज संपेल का?

संपणार नाही, कमी होईल. सोडियम मुबलक आहे, पण तेवढ्याच वजनात ऊर्जा कमी मावते. दुचाकी, रिक्षा आणि सौरऊर्जा साठवण्यासाठी ती चांगली. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या केपीआयटी कंपनीने आयसर पुणे या विज्ञान संस्थेबरोबर विकसित केलेलं असं तंत्रज्ञान जाहीर केलं होतं.

अणुसंमीलनाने (हलकी अणुकेंद्रकं एकत्र जोडून) घातली त्यापेक्षा जास्त ऊर्जा मिळाली. मग वीजकेंद्र कधी?

५ डिसेंबर २०२२ ला कॅलिफोर्नियातल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीमध्ये १९२ लेझर झोत एका इवल्याशा गोळीसाठी रोखले गेले. आत गेले २.०५ मेगाज्यूल, बाहेर आले ३.१५. ऐतिहासिकच. पण वीजबिलावरचं एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल. म्हणजे मिळालेली ऊर्जा एक युनिटसुद्धा नव्हती, आणि ते लेझर चालवायला ग्रिडमधून सुमारे ३०० मेगाज्यूल, म्हणजे ८३ युनिटं खर्ची पडली. नंतरच्या प्रयोगांत उत्पादन ८ मेगाज्यूलच्या पुढे गेलं. वीजकेंद्राची तारीख सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

हिंगोलीत लायगो का? आणि तिथे नेमकं काय होणार?

हळदीसाठी ओळखल्या जाणाऱ्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ लायगो ही गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाश-काळात उठणारे तरंग, पकडणारी वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. पुण्याची आयुका ही खगोलसंस्था, इंदूरची लेझर संस्था आरआरकॅट आणि गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था हे यातले मुख्य भागीदार.

काटकोनात दोन नळ्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब, आत जवळपास संपूर्ण निर्वात. लेझरचा झोत दोन भागांत विभागून दोन्ही नळ्यांत सोडतात. टोकाला ४० किलोचे आरसे असतात आणि ते जेमतेम ०.४ मिलिमीटर जाडीच्या काचतंतूंवर टांगलेले असतात. गुरुत्वीय लहर गेली की एक नळी किंचित लांबते, दुसरी आखडते. हा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतका. एवढं मोजायचं तर जमीन शांत हवी: भूकंपाचे धक्के कमी, रेल्वे-कारखाने दूर, भूभाग सपाट. म्हणून ही जागा निवडली.

भारतातच का, याचं उत्तर भूगोलात आहे. अमेरिकेतल्या दोन वेधशाळा एकमेकींपासून ३,००० किलोमीटरवर आहेत. लहर कुठून आली हे ती प्रत्येक ठिकाणी कधी पोहोचली त्यावरून काढतात. वेधशाळा जितक्या लांब, तितकी जागा नेमकी. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे धडकल्याची लहर आली तेव्हा इटलीतल्या व्हर्गोमुळे आकाशातला भाग लहान करता आला. दुर्बिणी तिकडे वळल्या आणि सोन्यासारखी जड मूलद्रव्यं अशा टकरीत बनतात याचा पुरावा मिळाला. हिंगोलीची वेधशाळा या दशकाच्या अखेरीस सुरू व्हावी, असं नियोजन आहे. आयुकाचे संजीव धुरंधर यांनी गोंगाटातून अशी लहर ओळखण्याची पद्धत विकसित करण्याचं काम त्या शोधाच्या कितीतरी आधी सुरू केलं होतं, हे इथल्या मुलांना शाळेत सांगायला हवं.

कृष्णविवरांबद्दल हल्ली काय नवीन कळलं?

१४ जानेवारी २०२५ ला आलेली लहर आजवरची सर्वांत स्पष्ट होती. सूर्याच्या तीसपटींहून थोडी जड अशी दोन कृष्णविवरं एक झाली. आधी दोघांचं पृष्ठफळ मिळून सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा कमी. नंतर एकाचं ४ लाख, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा बरंच जास्त. पृष्ठफळ कमी होऊ शकत नाही हे स्टीफन हॉकिंग यांनी १९७१ मध्ये गणिताने मांडलं होतं. ते या लहरीत पडताळता आलं. टक्कर झाल्यावर कृष्णविवर घंटेसारखं निनादत शांत होतं, ही कल्पना मांडण्यात सी. व्ही. विश्वेश्वरा यांचं १९७० चं काम पायाभूत होतं. तो निनादही यावेळी ठळक ऐकू आला.

नारायणगावजवळच्या त्या मोठ्या डिशांचा याच्याशी संबंध आहे?

आहे. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲन्टेना आहेत. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ती उभारली. ठरावीक ठेक्यात स्पंदनं पाठवणाऱ्या मृत ताऱ्यांच्या वेळा मोजून, एक लहर पूर्ण व्हायला कित्येक वर्षं लागतात अशा गुरुत्वीय लहरींचा पुरावा जून २०२३ मध्ये जगभरच्या गटांनी मांडला. त्यात युरोपीय गटाबरोबर जीएमआरटीची मापनंही होती.

शास्त्रज्ञ आज एक सांगतात, उद्या दुसरं. विश्वास कसा ठेवायचा?

म्यूऑन या, इलेक्ट्रॉनसारख्याच पण जड कणाचं उदाहरण घ्या. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या फर्मिलॅबने केलेलं त्याच्या चुंबकत्वाचं मापन सिद्धांताशी जुळेना, 'नवं भौतिकशास्त्र' असे मथळे झाले. जून २०२५ मध्ये अंतिम, आणखी काटेकोर मापन आलं. दरम्यान दुसऱ्या पद्धतीने केलेल्या गणितांनी सिद्धांताचा आकडाच सरकला आणि तफावत जवळपास मिटली. मापन चुकलं नव्हतं. विश्वास ठेवायचा तो अशा पुन्हा पुन्हा तपासण्याच्या सवयीवर. पहिल्या दिवशीच्या मथळ्यावर ठेवू नका.

क्वांटम संगणक बँकेचे पासवर्ड फोडेल का?

आजचे नाहीत. गूगलच्या डिसेंबर २०२४ मधल्या विलो चिपवर १०५ क्यूबिट (क्वांटम संगणकातली माहितीची एककं) आहेत आणि चुका आटोक्यात ठेवता येतात हे तिने दाखवलं. सध्याची कूटप्रणाली फोडायला लागणारी संख्या त्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. नव्या, क्वांटमरोधक प्रणालींची मानकं २०२४ मध्येच आली आहेत.

माझ्या मुलीला यात जायचं आहे. सुरुवात कुठून करावी?

बारावीत असेल तर मूलभूत विज्ञान शिकवणाऱ्या संस्थांच्या, म्हणजे आयसरची आयएटी आणि नायसर व मुंबईच्या सीबीएससाठीची नेस्ट, या प्रवेशपरीक्षा पाहा. अनेक घरांत जेईई आणि नीटपलीकडचं नावच माहीत नसतं आणि विज्ञानाची आवड असलेली मुलं तिथेच अडकतात. नववी-दहावीत असेल तर मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या ऑलिंपियाडची तयारी करा. निवड झाली नाही तरी ते प्रश्न सोडवण्यातून खूप मिळतं. पुण्याजवळ राहत असाल तर आयुकात दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यानं होतात. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं. तिथे ॲन्टेना जवळून पाहता येतात आणि गावोगावच्या शाळांतली मुलं आपापले प्रयोग मांडतात. तिला घेऊन जा आणि स्टॉलवर उभ्या असलेल्या संशोधकांना तिचे प्रश्न तिलाच विचारू द्या.